हॅरोइंग : आधी शेतात, मग काळजात

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : "इंग्रजी बातमीत 'हॅरोइंग अकाउंट' असे शब्द आले. वर्गात मी 'भयानक वृत्तांत' असा अर्थ सांगितला. बरोबर आहे का? याला नेमका मराठी शब्द कोणता? आणि उच्चार 'हरोइंग' की 'हॅरोइंग'?"

ताई, 'भयानक' अगदीच चूक नाही, पण ढोबळ आहे. वाघ भयानक असतो, रात्र भयानक असते. दोघांनाही कुणी हॅरोइंग म्हणत नाही. हॅरोइंग असतो तो अनुभव, नाहीतर त्या अनुभवाची हकिगत. शिवाय ती मनाला ओरबाडून गेलेली असावी लागते, नुसती घाबरवून नव्हे.

तरी तुम्ही निदान विचारलंत. गेल्या डिसेंबरात एका मळ्यात भरीत पार्टी होती. आमचा एक भाचा तासभर उशिरा आला आणि पत्रावळीवर बसता बसता म्हणाला, "काय सांगू मामा, गाडी लावायला जागाच नाही. एकदम हॅरोइंग एक्सपिरियन्स!" वीस मिनिटं गाडी फिरवली, एवढंच झालं होतं. त्याला 'हॅरॅसिंग' म्हणायचं असावं. हॅरॅस म्हणजे पिच्छा पुरवणं, जेरीस आणणं. तो शब्द फ्रेंचमधून आलेला, याचा भाऊ ना भाऊबंद. पण तोंडात सारखे वाटतात म्हणून हल्ली निवेदकांपासून नवरदेवापर्यंत सगळे एकाच्या जागी दुसरा ठोकून देतात. मी काही बोलणार, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या आप्पांनी कान टवकारले. "हॅरो? एकरी काय भाव लावला रे त्यानं?"

सगळे हसले. मी नाही हसलो, कारण त्या पंगतीत शब्द बरोबर कळला होता तो एकट्या आप्पांना.

हॅरोइंग हा शब्द त्याच हॅरोपासून निघाला आहे. चोपडा, यावल, शिरपूर, कुठेही जा, ट्रॅक्टरच्या अवजारांच्या दुकानापुढे पलटी नांगर आणि रोटाव्हेटरच्या रांगेत गोल तबकड्यांचा हॅरो उभा असतो. हा आजचा. जुना इंग्रजी हॅरो म्हणजे लाकडाची जड चौकट, खालून टोकदार दाते. नांगरटीनंतर घोडे किंवा बैल जुंपून ती ढेकळांवरून ओढायची. दाते ढेकळं फोडत, तण उपटत, पेरलेलं बी झाकत. स्वीडिशमध्ये या अवजाराला आजही 'हार्व' म्हणतात. या नामाचं क्रियापद झालं, आणि मग जे जमिनीला होतं ते माणसाच्या जिवाला होतं असं म्हणू लागले. सन 1600 च्या आसपासच्या 'हॅम्लेट'मध्ये बापाचं भूत मुलाला सांगतं की, माझ्या कैदखान्याची गोष्ट नुसती सांगायला घेतली तरी तुझ्या आत्म्यावर हॅरो फिरेल.

आता कृषीच्या पाठ्यपुस्तकांशी माझं जुनं भांडण. हॅरो म्हणजे 'कुळव' असं ती बेधडक छापतात. आपल्याकडे कुळवाला वखर म्हणतात ते सोडा, पण वखराला दाते असतात कुठे? वखराला असते पास, आडवं लोखंडी पातं. ते जमिनीच्या खालून सपकन जातं आणि तणाची मुळं कापतं. वर फारसं काही दिसतही नाही. लहानपणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला वखराच्या पाळ्या चालायच्या तेव्हा वजन म्हणून आम्हा पोरांना वखरावर बसवत. मागे काळ्या मातीचा फुफाटा, पुढे बैलांच्या शेपट्या, बुडाखाली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची धसकटं कटकट तुटल्याचा आवाज. जमीन मात्र मागे गुळगुळीत पडायची, एक चरा नाही. ओरखडे काढतो तो इंग्रजांचा हॅरो. काम एकच म्हणून अवजार एकच, हे तर्कट परीक्षेत चालेल, शब्दाच्या बाबतीत नाही. आपल्या भाषेत 'काळजावर वखर फिरला' असं कुणी म्हणत नाही, ते का, याचं उत्तर त्या पात्यात आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरं मत आणखी ठाम. हॅरो फिरतो तो नांगरटीनंतर. आधी नांगर जमीन उलथून टाकतो, मग फुटलेल्या ढेकळांवर हा येतो. म्हणून मला वाटतं, हॅरोइंग शब्द खरा शोभतो तो दुसऱ्या जखमेला. अपघात हा नांगर. वाचलेल्याने तो चार महिन्यांनी सांगायला घेतला आणि ऐकणाऱ्याच्या छातीत दाते लागले, ते हॅरोइंग. तुमच्या बातमीतही 'अकाउंट' आहे, म्हणजे सांगणंच. हॅम्लेटचं भूतसुद्धा आगीचे चटके दाखवत नाही, फक्त गोष्टीची धमकी देतं! यावर एक इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक मला ऐकवतात की 'हॅरोइंग एक्सपिरियन्स'ही सर्रास लिहितात, तिथे पहिलीच जखम असते. लिहितात, मान्य. सर्रास तर बरंच काही लिहितात.

याच प्राध्यापकांचं म्हणणं असं की, हा शब्द शेतातला नाहीच, येशूने नरकात उतरून तिथले जीव सोडवले त्या 'हॅरोइंग ऑफ हेल'मधून तो आला. सर, तिथला हॅरो वेगळा. तो जुन्या इंग्रजीतल्या लुटालूट करणे, धाड घालणे या अर्थाच्या क्रियापदाचा, ज्याच्यापासून 'हॅरी' म्हणजे सतावणे हे क्रियापद निघालं. त्याचं मूळ 'सैन्य' या अर्थाच्या शब्दात आहे. सैन्य येतं, धाड पडते, कोठार रिकामं होतं. आणि पंडित नेहरू 1905 मध्ये ज्या हॅरोच्या शाळेत दाखल झाले तो हॅरो तर तिसराच, टेकडीवरच्या, ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या देवस्थानावरून पडलेलं गावाचं नाव. स्पेलिंग एक म्हणून तिघांना एका घरात कोंबायचं, तर आपली 'पास' पण परीक्षेतून आली म्हणा.

शेतातून दुःखाकडे गेलेला हा एकटाच शब्दही नाही. 'ट्रिब्युलेशन' म्हणजे हालअपेष्टा. त्याच्या मुळाशी लॅटिन 'ट्रिब्युलम', म्हणजे मळणीची फळी. आपण खळ्यात तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती बैलांची पात फिरवायचो, रोमन शेतकरी खालून गारगोट्या किंवा लोखंडी टोकं ठोकलेली फळी कणसांवरून ओढायचे. 'डिलिरियम' म्हणजे तापात बरळणं, तर 'लिरा' म्हणजे तास, नांगराची रेघ. जो तास सोडून भरकटला तो डिलिरियमवाला. औत धरलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

'हॉरर'ची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या मुळाशी केस ताठ उभे राहणं आहे, आणि आपला 'हर्ष' त्याचाच दूरचा भाऊ. म्हणून तर रोमहर्षण शब्दात आनंदही आहे आणि भीतीही. हॉररने अंगावर काटा येतो आणि जातो. हॅरोइंगचा चरा राहतो.

हां, मराठी शब्द. वर्तमानपत्रं 'हृदयद्रावक' आणि 'हृदयविदारक' आलटून पालटून वापरतात. द्रावक म्हणजे वितळवणारं, डोळ्यांत पाणी आणणारं. विदारक म्हणजे फाडणारं. हॅरोइंगला दुसरा जवळचा, पण मथळ्यांत वापरून वापरून त्याची धार गेली आहे. मी असतो तर पोरांना 'काळजाला चरे पाडणारी हकिगत' असं सांगितलं असतं. चऱ्यात निदान दाते दिसतात.

उच्चाराचं राहिलंच की. 'हॅरोइंग', जोर पहिल्या 'हॅ'वर. 'हरोइंग' नाही. शंका वाटली तर अवजारांच्या दुकानात जाऊन नुसतं भाव विचारा, ते लोक बरोबर म्हणतात.