मित्रांसोबत जंगलात जाऊन रानातली घटपर्णी शोधायची आहे, पुण्याजवळ कुठे मिळेल? खरंच सापडते का?

सापडते की! पण पुण्याजवळ नाही. घटपर्णी म्हणजे सुरईसारख्या पानांत किडे पकडून खाणारी वनस्पती. आख्ख्या सह्याद्रीत ती नाही, भारतात ती मुख्यतः मेघालयात, गारो-खासी-जैंतियाच्या डोंगरांत, गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात म्हणजे भुताची टोपली. तिकडे माझं जाणं अजून झालेलं नाही. मी गेलोय बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या बाको नॅशनल पार्कात, तर तिथलंच सांगतो.

आम्ही चौघं सिंगापूरला नोकरी करणारे, तिघं मराठी आणि एक तमिळ. सिंगापूरहून कुचिंग विमानाने दीड तास, तिथून साधारण ३७ किलोमीटरवर बाको गाव, आणि पुढे रस्ताच नाही, छोट्या बोटीने जायचं. बोटीच्या धक्क्यावरच मगरींपासून सावध राहा असा बोर्ड आहे, तो वाचून पाण्यात हात घालायची हौस फिटते. पार्क १९५७ सालचं, सारावाकमधलं सगळ्यात जुनं. ऑफिसात नाव लिहायचं, कुठल्या वाटेने जाणार ते सांगायचं आणि सुटायचं. आम्ही लिंतांगची वाट घेतली, साडेपाच-सहा किलोमीटरचा गोल.

पहिला दीड तास काहीच नाही. काहीच म्हणजे काहीच. आम्ही आपले उंच दाट झाडीत माना वर करून बघतोय, कारण डोक्यात फोटो होता की वेलीला सुरया लटकतायत, आणि घाम असा की चष्मा पुसून पुसून रुमाल पिळायची वेळ आली. त्यात ऑफिसपाशीच एका माकडाने आमचं भाकरवडीचं पाकीट उघड्या बॅगेतून काढून नेलेलं, त्यामुळे मूडही गेलेला.

मग चढ संपला आणि झाडी एकदम खुजी झाली. पायाखाली पांढरी वाळू, मध्ये मध्ये उघडा खडक, सावली शून्य. आमच्यातला सातारकर थांबला आणि म्हणाला, "अरे हा तर सडा आहे, कासला असतो तसला." सडा म्हणजे उघडं खडकाळ पठार. खडक वेगळा हो, आपल्याकडे जांभा आणि इथे वालुकाश्म, पण गोष्ट तीच, पाऊस धो धो आणि मातीत कस नाही. तिथले इबान लोक असल्या जमिनीला केरांगास म्हणतात, म्हणजे जिथे भात पिकत नाही ती जमीन. कासच्या सड्यावर दवबिंदू आणि सीतेची आसवं ही झाडं किडे का खातात? मातीतून नत्र मिळत नाही म्हणून. इथेही तेच कारण. तो सरळ गुडघ्यावर बसला आणि दोन मिनिटांत ओरडला, "माना खाली घाला रे!"

आम्ही ज्या खडकावर बॅगा टेकवल्या होत्या त्याच्या कडेलाच ग्रासिलिस होती, घटपर्णीची एक जात. बोटाएवढ्या बारीक सुरया, काही हिरव्या, काही लालसर. ही सुरई म्हणजे फूल नव्हे बरं का, पान आहे, पानाच्या टोकाला तार येते आणि तारेचं टोक फुगून सुरई होते. एकदा नजर बसली की मग पावलापावलाला दिसायला लागतात, आधी त्याच आपण तुडवत आलो की काय असं वाटून लाजच वाटली.

तेवढ्यात सर आली. बाकीचे आडोसा शोधत होते, मी मात्र एका सुरईसमोर बसून राहिलो, कारण मी कुठेतरी वाचलेलं की ग्रासिलिसच्या झाकणाच्या खालच्या बाजूला मध असतो आणि मुंग्या तिथे उलट्या लटकून तो चाटतात. एक मुंगी होती. एक थेंब बाजूला पडला, दुसरा पण बाजूला, तिसरा टप्पकन झाकणावर आणि झाकण असं थरथरलं की मुंगी गायब! आत मोबाईलचा टॉर्च मारला तर ती पाण्यात पाय मारत होती. वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर टाळ्या पण वाजवाव्याशा वाटल्या.

पुढे राफ्लेसियाना ही दुसरी जात दिसली, मोठी, हिरव्यावर तांबडे डाग. तिने आम्हाला चांगलंच फसवलं. जमिनीलगत पोटुशा सुरया, त्यांना पुढून झालरीसारखे दोन पंख, आणि वर वेलीला नरसाळ्यासारख्या बिनपंखांच्या. आम्ही दोन वेगळ्या जाती म्हणून फोटो काढले आणि रात्री कळलं की एकाच झाडाला खाली एक प्रकार आणि वर दुसरा येतो.

पण मला सगळ्यात आवडली ती अँप्युलारिया. ती पुन्हा सावलीत, पाचोळ्यात, गोल गोल मडकी एकमेकांना चिकटून बसलेली, जणू कुंभाराने भट्टीतून काढून मांडून ठेवलीत. हिचं झाकण मागे वळलेलं, तोंड उघडं, त्यामुळे वरून पडणारी पानं थेट आत जातात आणि कुजलेल्या पानांवर तिचा बराचसा चरितार्थ चालतो. म्हणजे निम्मी शाकाहारी, चातुर्मास पाळल्यासारखी.

तुम्ही जाणार असाल तर माणशी दोन लिटर पाणी तरी घ्या, वर पठारावर ऊन भाजून काढतं. भरती-ओहोटीवर बोट चालते, परतीची वेळ बोटवाल्याशी आधीच पक्की करा, आम्ही शेवटी धावत आलो. आणि कृपा करून एकही झाड उपटून आणू नका. घटपर्णीच्या सगळ्याच जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस कराराचं बंधन आहे आणि आपली मेघालयवाली तर सगळ्यात कडक यादीत. शिवाय आणून जगत नाही हो, आपल्या गॅलरीतल्या शेणखताच्या कुंडीत तर नाहीच नाही.

अजून एक, मलायमध्ये या झाडाला पेरियुक केरा म्हणतात, माकडाचं मडकं. कुचिंगकडे अँप्युलारियाच्या मडक्यात चिकट तांदूळ आणि नारळाचं दूध भरून उकडतात. आम्ही खाल्लं. सातारकराला आवडलं नाही, मला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या आणि मी त्याचे पण दोन संपवले.