चालू एसटीपीचं अपग्रेड: कॉन्ट्रॅक्टरला कधी बोलवायचं

तुझा मेल दोनदा वाचला. सांडपाणी शुद्ध करायच्या प्लॅन्टची (एसटीपीची) क्षमता वाढवायची, त्याच टाक्यांत नायट्रोजन काढायची सोय पण करायची, आणि साहेब म्हणतायत की कॉन्ट्रॅक्टरला आत्तापासूनच मीटिंगला बसवू. तुला ते खटकलंय. डिझाइन आपलं काम, बांधणं त्याचं, मग तो आत्ता येऊन काय करणार, वर डोकं खाणार आणि रेट वाढवून ठेवणार, असं तुझं म्हणणं. त्यातली रेटची भीती खरी आहे, तिच्याकडे येतो नंतर. पण "आत्ता येऊन काय करणार" याचं उत्तर आधी देतो, कारण मला वाटतं तिथेच तुझं चुकतंय.

मोकळ्या जमिनीवर नवा प्लॅन्ट असता तर मी पण म्हटलं असतं की ड्रॉइंग पूर्ण कर, टेंडर काढ, मोकळा हो. इथे तसं नाहीये. सांडपाणी येतच राहणार, रात्री, सणाला, धो धो पावसात. तुझं ड्रॉइंग दाखवतं काम संपल्यावरचा प्लॅन्ट, पण आजच्या प्लॅन्टपासून तिथपर्यंत जाताना मध्ये दहा-पंधरा वेगवेगळे अर्धवट प्लॅन्ट तयार होतात, एक टाकी बंद, एक पाइप तात्पुरता, अर्धे ब्लोअर (टाक्यांत हवा सोडणारी यंत्रं) जुन्या पॅनलवर आणि अर्धे नव्या, आणि यातल्या प्रत्येक अवस्थेत बाहेर जाणारं पाणी नियमात बसलं पाहिजे. या मधल्या अवस्थांची ड्रॉइंग तुझ्या सेटमध्ये किती आहेत ते बघ जरा. माझा अंदाज, एकही नाही. एक नोट असेल, "कॉन्ट्रॅक्टरने प्लॅन्ट चालू ठेवून काम करावे". सगळ्या सेटमधली सगळ्यात महाग ओळ ती. ती वाचून एक जण घाबरून वाट्टेल तेवढे पैसे धरतो, दुसरा काहीच धरत नाही आणि काम मिळाल्यावर क्लेम लावत बसतो, आणि लोएस्ट कोण येतो हे तुला सांगायला नको.

आता टाक्यांचंच घे. समज ४ एरेशन टँक (हवा सोडून बॅक्टेरियांकडून पाणी साफ करायच्या टाक्या) आहेत आणि डिफ्युजर (तळातून हवेचे बुडबुडे सोडणारे भाग) बदलायला एकेक रिकामी करायची. कागदावर सोपं वाटतं, ३ चालू १ बंद. पण त्या चौथ्या टाकीबरोबर तुझे पाव बॅक्टेरिया गेले, म्हणजे स्लजचं (त्या बॅक्टेरियांच्या गाळाचं) वय, तो सरासरी किती दिवस प्लॅन्टमध्ये राहतो ते, घसरलं, आणि नायट्रिफिकेशन करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे, जीव मुळात हळू वाढणारे, थंडीत तर अजूनच हळू. मग तू म्हणशील उरलेल्या ३ टाक्यांत एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात किती गाळ, मिलिग्रॅम प्रति लिटर) ३००० वरून ४००० वर नेऊ, हिशोब जुळतो. जुळतो, पण तो जास्तीचा स्लज जाऊन क्लॅरिफायरवर (गाळ खाली बसवून पाणी वेगळं करणाऱ्या टाकीवर) बसतो, आणि त्याच महिन्यात एक क्लॅरिफायर तळाचा गाळ ओढणारा स्क्रॅपर बदलायला बंद ठेवलेला असेल तर? हा प्रश्न प्रोसेसवाल्याला एकट्याला सुटत नाही, कारण कुठलं काम कुठल्या महिन्यात आणि किती दिवस हे त्याला माहीतच नसतं. आणि कॉन्ट्रॅक्टरला एकट्याला पण सुटत नाही, कारण त्याला स्लजच्या वयाचं काही पडलेलं नसतं. दोघं समोरासमोर बसले की मग कुणीतरी म्हणतं, अरे मग आधी नवा क्लॅरिफायर उभा करू आणि टाक्यांना उन्हाळ्यात हात लावू. एवढं एक वाक्य निघावं म्हणूनच त्याला लवकर बोलवायचं.

टाकी रिकामी करण्याचीच अजून एक गंमत. जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी टाकी तरंगायला बघते. तळाच्या स्लॅबच्या बुडापासून जमिनीतलं पाणी जेवढं वर, त्यातल्या दर १ मीटरमागे प्रत्येक चौरस मीटरला साधारण १ टन वरच्या दिशेने जोर लागतो, आणि ४०० मिमी जाडीचा काँक्रीट स्लॅब स्वतः जेमतेम तेवढाच, १ टनाच्या आसपास. भिंतींचं वजन, कडेची माती थोडी मदत करतात, पण पाणी ३ मीटर वर असेल तर हिशोब तूच कर. जुनी टाकी बांधताना कुणी रिकाम्या अवस्थेचा विचार केला होता का, खाली प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (खालचं पाणी टाकीत सोडून दाब कमी करणारे) आहेत का, असले तर ते इतक्या वर्षांनी उघडतात का. चांगला कॉन्ट्रॅक्टर हे पहिल्याच आठवड्यात विचारतो, कारण डीवॉटरिंगचे (जमिनीतलं पाणी उपसायचे) पंप त्याला आणायचे असतात.

आणि गेट, म्हणजे पाणी अडवायचे दरवाजे. जुनी गेटं पूर्ण बंद होत नाहीत. हे ऑपरेटरला माहीत असतं, डिझाइनवाल्याला नसतं, आणि ड्रॉइंगवर तर गेट कायम नव्यासारखंच दिसतं. अख्खं सीक्वेन्सिंग (कामांचा क्रम) "हे गेट बंद केलं की" या वाक्यावर उभं असतं, म्हणून डिझाइन पुढे सरकायच्या आत एकेक गेट खरंच बंद करून बघा, किती गळतंय ते मोजा. गळत असेल तर स्टॉपलॉग (खाचेत बसवून पाणी अडवायच्या फळ्या), प्लग, बायपास पंपिंग, काहीतरी सोय लागणार आणि ती डिझाइनमध्ये यायला हवी. जमिनीखालच्या पाइपांचं तेच, अ‍ॅज-बिल्टवर (बांधून झाल्यावर नोंदलेल्या ड्रॉइंगवर) विश्वास ठेवू नको, जिथे जिथे जोड मारायचाय तिथे खड्डा घेऊन पाइप डोळ्यांनी बघा, त्याचं मटेरियल आणि खरा बाहेरचा व्यास टेपने मोजा. कॉन्ट्रॅक्टर आधीच टीममध्ये असेल तर ते खड्डे तोच घेतो, आणि नंतर "आम्हाला हे सांगितलंच नव्हतं" म्हणायची सोय त्याला राहत नाही.

मशिनरीबद्दल थोडक्यात. मोठे ब्लोअर, स्विचगिअर, डीजी सेट यांना यायला महिनोन्महिने लागतात. लवकर निवडून ऑर्डर दिली तर वेळ वाचतोच, शिवाय फाउंडेशन, पाइपिंग, केबल हे सगळं एका खऱ्या मशीनभोवती काढता येतं, तीन कंपन्यांपैकी कुठलंही येऊ शकेल असं धरून ढिलं ढिलं काढावं लागत नाही.

आता तुझी रेटची भीती. एकदा आत घेतला की तो डोक्यावर बसेल, स्पर्धा संपली. होतं असं, खोटं कशाला बोलू. म्हणून करार दोन टप्प्यांचा करतात, पहिल्या टप्प्यात त्याला फक्त डिझाइनच्या मदतीची फी, बांधकामाचा शब्द नाही. पुढे डिझाइन ६० टक्क्यांच्या आसपास पोचलं की तो खुल्या हिशोबाने किंमत मांडतो, सबकॉन्ट्रॅक्टरचे कोटेशन, मजुरी, मार्जिन, रिस्कसाठी बाजूला काढलेले पैसे, सगळं वेगवेगळं दिसलं पाहिजे. तुमच्या बाजूने एक स्वतंत्र एस्टिमेटर ठेवा, त्याचा आकडा वेगळा काढून मग दोन्ही ताडून बघा. आणि जमलं नाही तर तिथेच थांबून उरलेलं काम टेंडरला न्यायचा हक्क करारात आधीच लिहून ठेवा. तो हक्क कागदावर असला आणि ड्रॉइंग तुमच्या मालकीची असली की माणूस बऱ्यापैकी सरळ वागतो. अमेरिकेत सीएमएआर (कन्स्ट्रक्शन मॅनेजर अ‍ॅट रिस्क) किंवा प्रोग्रेसिव्ह डिझाइन-बिल्ड म्हणतात त्या याच वळणाच्या पद्धती, ब्रिटिश एनईसी४ या तयार नमुना-करारात यासाठी एक्स२२ नावाचा वेगळा पर्याय आहे.

काही ठिकाणी खरेदीचे नियम असे असतात की लोएस्ट बिडशिवाय हलताच येत नाही. मग निदान एखाद्या अनुभवी बिल्डरला फी देऊन ड्रॉइंग तपासून घ्या, अट एवढीच की तो नंतर टेंडर भरणार नाही. अर्धं काम तरी होतं.

कधी बोलवायचं, तर २०-३० टक्के डिझाइनवर. त्याच्या फार आधी त्याच्यासमोर ठेवायला काही नसतं, आणि ६० नंतर बोलावलं तर तो फक्त कमेंट लिहून देतो, तोवर टाक्यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि कुणालाच काही हलवायचं नसतं. तुमच्या केसमध्ये जुन्याच टाकीत मीडिया (बॅक्टेरिया चिकटून वाढायला सोडलेले तुकडे) टाकायचा की मेम्ब्रेन (गाळ गाळून काढणारा पडदा) लावायचं की शेजारी नवी टाकी, हे अजून उघडं आहे असं तू लिहिलंयस, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे, कारण या तिन्हींत बांधायचा रस्ता पूर्ण वेगळा.

एका गोष्टीवर मात्र अडून बस. तो स्वस्त करायचे उपाय आणणार, ते त्याचं कामच आहे, आणि खोदाई, शटरिंग, प्रीकास्ट, क्रेन कुठे उभी करायची यात तो बोलेल ते शक्यतो ऐक. पण स्टँडबाय पंप कमी करू, हे आयसोलेशन गेट कशाला, टाकी जरा लहान चालेल, मोटर काढायला एवढी जागा कशाला असं सुरू झालं की नाही म्हण. सही तुझी, आणि पुढची २०-३० वर्षं ते गेट नसल्याचा त्रास ऑपरेटर काढणार. म्हणून प्रत्येक मीटिंगला ऑपरेटर हवाच, मॅनेजर नाही, शिफ्टवर असतो तो माणूस.

पहिली मीटिंग कॉन्फरन्स रूममध्ये घेऊ नको. साइटवर घे. स्लाइड नकोत, वर्षभराचा तासातासाचा फ्लो डेटा प्रिंट काढून ने, पावसाचे दिवस वेगळे खुणा करून. रात्री फ्लो सगळ्यात कमी कधी होतो ते प्लॅन्टच्याच मीटरवरून काढ, मोठ्या नेटवर्कमध्ये घरातला वापर थांबल्यानंतर बऱ्याच वेळाने प्लॅन्टवर पाणी कमी होतं. समजा ती खिडकी ४ तासांची निघाली, तर मेन लाइन कापून नवा जोड मारायला ४ तास पुरतील का हे त्याला तिथेच, त्या पाइपाशी उभं राहून विचार. तो काय म्हणाला ते मला कळव.