सर्व्हरवर डेटा टाकलास, आता बॅकअपचं बघ

विभागाच्या सर्व्हरवर फोल्डर मिळालं म्हणजे डेटा सुरक्षित झाला, असं धरून चालू नकोस. सर्व्हरला बहुधा रेड (डेटा एकापेक्षा जास्त डिस्कवर ठेवायची सोय) असतं, त्यामुळे एखादी डिस्क गेली तरी काम अडत नाही. पण चुकून फाइल पुसलीस तर ती सगळ्याच डिस्कवरून जाते. आरसिंकला (फोल्डरची नक्कल दुसरीकडे ठेवणाऱ्या प्रोग्रामला) ‘डिलीट’चा पर्याय लावलास की इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जातं. म्हणून अ‍ॅडमिनला आधी विचार: स्नॅपशॉट (फाइली त्या क्षणी जशा होत्या तशा जपून ठेवणं) घेता का, किती दिवस ठेवता?

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात महासंगणकाच्या बॅकअप स्क्रिप्टमधल्या दोषामुळेच सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. जुने लॉग (नोंदींच्या फाइली) काढायची कमांड भलतीकडेच चालली. तेव्हा तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत, हे पाळच.

यंत्रातून आलेला कच्चा डेटा त्याच दिवशी ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही असा) कर आणि चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) काढून ठेव. महिन्यातून एकदा एखादी फाइल बॅकअपमधून खरोखर परत आण, चेकसम जुळव, उघडून बघ. माझ्या मते याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, आणि नेमकं हेच राहून जातं. पीएचडीनंतर खातं बंद झालं की डेटा कोणाकडे जाणार, तेही गाईडशी आत्ताच बोलून घे.