चौथीतल्या मुलीला पेमुल्वॉयचा लढा घरी कसा समजावून सांगावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिडनीत राहता, मुलगी चौथीत आहे, शाळेने पेमुल्वॉय या ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी) योद्ध्यावर प्रकल्प दिलाय, तुम्हाला स्वतःला त्याची फारशी माहिती नाही. कुठून सुरुवात करायची आणि रक्तपात किती सांगायचा?

सुरुवात लढाईपासून करू नका, नदीपासून करा. भांडण कशावरून होतं हेच कळलं नाही, तर नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात पेमुल्वॉय एक तर दरोडेखोर होऊन बसतो, नाहीतर कार्टूनमधला हिरो.

एक मोठा कार्डशीट घ्या आणि मधोमध वळणं घेत जाणारी निळी नदी काढा. ही सिडनीच्या वायव्येची हॉक्सबरी. दोन्ही काठांवर राजम्याचे दाणे ठेवा. हे इथल्या मूळनिवासी धारुग लोकांचं काठावरचं अन्न, आपल्या कोनफळासारखे कंद. आता कागदाचे 22 लांबट तुकडे कापा. 1794 च्या सुरुवातीला तिथे 22 ब्रिटिश वसाहतकऱ्यांना साधारण 30-30 एकर जमीन वाटली गेली. नियम एकच: प्रत्येक तुकड्याची अरुंद बाजू नदीला टेकली पाहिजे. मुलं हमखास तुकडे कागदभर पसरतात, आणि मग सगळा मुद्दाच हातचा जातो. वसाहतकऱ्यांना काठाचीच जमीन हवी होती, कारण गाळ तिथे होता आणि माल मुख्यतः होडीने सिडनीला जायचा. तुकडे लावून झाले की दाणे त्यांच्याखाली जातात. मग तिला विचारा, "आता कंद खणायला कुठून जाशील?"

तिचं उत्तर येऊ द्या, घाई करू नका. मग सांगा की कंदांच्या जागी मका आला, तो पिकला की धारुग लोक तो घेऊन जात, वसाहतकरी गोळ्या झाडत, त्याचा बदला घेतला जाई, आणि कधी उभं पीकच जाळलं जाई. पेमुल्वॉय बिजिगल या दुसऱ्या मूळनिवासी गटाचा. त्याचे छापे मुख्यतः तुंगाबी, पॅरामॅटा, जॉर्जेस नदी या भागातले, पण मूळ कारण हेच.

यानंतर एका दोरीवर पाच चिठ्ठ्या अडकवा. 1788: ब्रिटिशांची 11 जहाजं येतात. 1789: देवीची साथ. ही चिठ्ठी बहुतेक प्रकल्पांत गाळली जाते, पण तिच्याशिवाय पुढचं काही समजत नाही, कारण लढा सुरू होण्याआधीच सिडनीभोवतीची असंख्य माणसं त्या साथीत गेली होती. 1790: पेमुल्वॉय गव्हर्नर फिलिपच्या शिकाऱ्याला, मॅकिंटायरला, भाला मारतो. गव्हर्नर सैनिकांची तुकडी पाठवतो, ती रिकाम्या हाताने परतते. लेफ्टनंट डॉज या अधिकाऱ्याने आधी जायलाच नकार दिला होता. हे तिला जरूर सांगा, म्हणजे "सगळे गोरे वाईट" असं सरधोपट चित्र तयार होत नाही. 1797: पॅरामॅटाला सुमारे 100 जणांसह चकमक. त्याला सात छर्रे लागतात, इस्पितळात ठेवतात, आणि तो पायातल्या बेडीसकट निसटतो. 1802: गोळी लागून मृत्यू.

रक्तपाताबद्दल माझं मत: माणसं मारली गेली, दोन्ही बाजूंची, हे स्पष्ट सांगा, वर्णन करू नका. त्याचं मस्तक कापून इंग्लंडला पाठवलं गेलं, हे मात्र तुम्हीच आधी एका वाक्यात सांगून टाका. इंटरनेटवर तिला ते सापडणारच, आणि एकटीने वाचलं तर जास्त हादरेल. मस्तक आज कुठे आहे ते माहीत नाही, आणि ते परत मिळावं ही मागणी अजून चालू आहे, हेही त्याच बोलण्यात येऊ द्या.

मराठी घरात "म्हणजे गनिमी कावाच की!" हे तोंडात येणारच. छाप्यांच्या पद्धतीपुरतं ते चालेल, तिला पटकन कळेलही. पण तिथेच थांबा. इथे राजा नव्हता, किल्ले नव्हते, पगारी फौज नव्हती.

भाषेकडेही लक्ष असू द्या. "कुकने ऑस्ट्रेलियाचा शोध लावला" हे आपलं पाठ्यपुस्तकी वाक्य विसरा. 29 एप्रिल 1770 रोजी त्याची माणसं किनाऱ्यावर उतरत असताना दोन ग्वीगल पुरुष भाले घेऊन समोर उभे होते, आणि त्यांच्यावर बंदूक चालवली गेली. तसंच "धारुग लोक इथे राहत होते" असं लिहायचं नाही. ते आजही इथे राहतात.

चेहरे रंगवणं, एकाने सैनिक आणि एकाने पेमुल्वॉय होणं, ठिपक्यांची चित्रं काढणं, हे सगळं टाळा. त्या नक्षींमागे विशिष्ट लोकांच्या कथा आणि हक्क असतात, त्या सजावटीसाठी उचलायच्या नसतात.

शेवटी वेळ उरला तर एक गोष्ट नक्की करा. 1802 मध्ये गव्हर्नर किंगने एकाच पत्रात पेमुल्वॉयला वसाहतीची भयंकर पीडाही म्हटलं आणि शूर, स्वतंत्र बाण्याचा माणूसही. हे वाक्य मराठीत लिहून द्या, दोन रंगांच्या पेन्सिली द्या, निंदेखाली एक रंग आणि कौतुकाखाली दुसरा. मग विचारा, शत्रूने असं का लिहिलं असेल? प्रकल्पाचा शेवटचा परिच्छेद तिच्या त्या उत्तराचाच करा, आणि तो तिच्याच शब्दांत राहू द्या.