स्लाव्हिक अभ्यास विभागात नेमकं काय काम चालतं?

'रशियन, पोलिश शिकवतात' एवढंच उत्तर बऱ्याचदा मिळतं, पण ते अपुरं आहे. व्हिएन्ना विद्यापीठाचंच बघा. तिथे 1849 मध्ये फ्रान्झ मिक्लोशिच यांच्याकडे स्लाव्हिक भाषाशास्त्राचं अध्यासन (प्राध्यापकपद) आलं. त्यांनी स्लाव्हिक भाषांचं तौलनिक व्याकरण चार खंडांत लिहिलं.

मूळ काम हस्तलिखितांचं: जुनी प्रत कुठल्या नकलकाराने लिहिली असावी, हे तिच्या भाषेवरून शोधायचं. 'दात'साठी जुन्या स्लाव्हिकमधला शब्द साधारण 'झोंब' असा, अनुनासिक स्वराचा (संस्कृत 'जंभ' त्याचा सख्खा नातलग). पोलिशमध्ये अनुनासिक टिकला, रशियनमध्ये 'झुब' झालं. म्हणून नकलकाराने अनुनासिकाच्या जागी 'उ' लिहिला, की तो पूर्वेकडचा, म्हणजे रशियन बाजूचा, असावा असा संशय येतो. एका चुकीवर मात्र निकाल द्यायचा नाही. पूर्ण प्रतीत त्या चुका मोजायच्या. घाईने 'शुद्ध' करून छापलं की हा पुरावाच पुसला जातो!

याच अध्यासनावर 1922 ते 1938 भाषाशास्त्रज्ञ निकोलाय त्रुबेत्स्कोय होते. कोणत्या ध्वनिभेदाने अर्थ बदलतो, ही त्यांच्या स्वनविचाराची (भाषेतल्या ध्वनींच्या अभ्यासाची) कसोटी. मराठीतच करून बघा: 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा. लिपी एक, 'ज' दोन. हा विचार जगभरच्या भाषाशास्त्रात गेला, आणि माझ्या मते विभागाची सर्वांत मोठी कमाई तीच.

रशियन शिकणार असाल तर आपल्याला एक आयता फायदा आहे: त्यांच्या ц आणि ч या दोन वेगळ्या अक्षरांसाठी 'चमचा'तला च आणि 'चंद्र'मधला च तोंडात आधीच बसलेले असतात.