वडिलांचा 2004 सालचा कॉम्प्युटर चालू होत नाही. हार्ड डिस्कमधले फोटो आणि मराठी फाइल्स परत मिळतील का?

मिळण्याची शक्यता चांगली आहे. तुम्ही लिहिलंय की बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. म्हणजे दोष बहुतेक रॅममध्ये, मदरबोर्डात नाहीतर एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागात आहे. मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच करतो. कॉम्प्युटर गेलेला आणि डिस्क ठणठणीत, हे आमच्याकडे नेहमीचंच. त्यामुळे तो डबा दुरुस्त करण्यात पैसे घालू नका, डिस्क तेवढी बाहेर काढा.

पण तुम्ही हरिपूर रोडचे आहात, म्हणून आधी घरात विचारून घ्या: 2019 किंवा 2021 च्या पुरात हा कॉम्प्युटर खालच्या मजल्यावर होता का? डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, शेजारी ‘हे झाकू नका’ असं इंग्रजीत छापलेलं. आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवतात. हवा जाते तिथून पाणीही जातं, आणि कृष्णेच्या पुराचं पाणी म्हणजे निम्मा गाळच. पाणी वाळलं तरी गाळ आतल्या तबकडीवर, म्हणजे जिथे डेटा असतो तिथेच, बसून राहतो. अशा डिस्कला वीज दिली की तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरते, आणि तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगणारं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, त्या गाळात अडकून तबकडी खरवडतं. खरवडलं ते गेलंच. म्हणून भिजलेली डिस्क उन्हात वाळवणं, तांदळात ठेवणं, ‘बघू तरी’ म्हणून जोडणं, काही नको. ती पुण्या-मुंबईला डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच द्यावी लागते. खर्च बराच येतो, तेव्हा आधी अंदाज विचारा.

डिस्क भिजलेली नसेल तर काम घरीच होईल. मागची बाजू बघा. चपट्या रुंद पट्टीची केबल आणि 40 पिना असतील तर ती आयडीई. अरुंद, एल आकाराची खाच असेल तर साटा. 2004 मध्ये दोन्ही चालत होत्या. आयडीई आणि साटा दोन्हींना चालणारा यूएसबी अडॅप्टर मिळतो, तो घ्या. मात्र त्यासोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना, ते बघून घ्या. डेस्कटॉपच्या डिस्कला 12 व्होल्ट लागतात, यूएसबीतून 5 च येतात. नुसत्या केबलने डिस्क फिरणार नाही आणि तुम्हाला वाटेल डिस्कच गेली. आयडीई असेल तर मागचा छोटा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, मास्टरवर ठेवा. कोणत्या पिनांवर, ते डिस्कच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

जोडल्यावर कान द्या. एकसारखी घरघर आली तर उत्तम. टक-टक-टक असा ठरावीक आवाज येत राहिला तर लगेच वीज काढा आणि परत लावू नका.

विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर नाही म्हणा. कितीही वेळा विचारो. परवानगी नाही असा मेसेज आला तर ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा. विंडोज एक्सपीचा पासवर्ड आठवत नसला तरी सहसा अडत नाही, तो विंडोजच्या दारापुरता असतो. तरीही अडलं तर पेनड्राइव्हवरून उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) चालू करा, तिथे बहुतेक वेळा हा त्रास होत नाही. फाइल्स ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये वडिलांच्या नावाच्या फोल्डरात असतील. डेस्कटॉपवर ठेवलेलंही तिथेच सापडेल. त्या काळी सगळे पार्टिशन पाडून, म्हणजे एकाच डिस्कचे भाग करून घ्यायचे, तेव्हा डी आणि ई ड्राइव्ह पण उघडून बघा.

आधी फोटो कॉपी करा, मग बाकीचं, आणि सगळं दुसऱ्या डिस्कवर. जुन्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. फोल्डरच दिसत नसतील तर फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते फाइल्स काढतं, पण मूळ नावं राहत नाहीत. लग्नाचे हजार फोटो नुसत्या आकड्यांच्या नावांनी मिळतात, मग बसा निवडत.

आता मराठी फाइल्सचं, कारण वडील घरी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम, करायचे असं तुम्ही लिहिलंय. फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर ती खराब झाली असं समजून काढून टाकू नका. तेव्हा श्री-लिपी, आयएसएम, शिवाजी, कृतीदेव असले फॉन्ट वापरायचे, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच दिसणारं आजचं मराठी) नव्हे. मजकूर शाबूत असतो, त्याला त्याचा फॉन्ट हवा असतो. आणि तो बहुतेक त्याच डिस्कवर, विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये पडलेला असतो. तो फोल्डर अख्खा उचला. फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर टाकले की मजकूर वाचता येईल, मग कन्व्हर्टरने युनिकोड करा. जोडाक्षरं आणि रफार तेवढे हाताने तपासावे लागतील.

पेजमेकर या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमधल्या लग्नपत्रिका त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत उघडत नाहीत. इनडिझाइनच्या सीएस 6 पर्यंतच्या आवृत्तीत पेजमेकर 6 आणि त्यापुढच्या फाइल्स उघडतात. एखाद्या जुन्या छापखान्यात अजून पेजमेकरच चालू असेल, तिथे फॉन्टसकट फाइल्स नेऊन पीडीएफ करून घ्या.