मीडिएशन अ‍ॅनालिसिसमध्ये कोणती व्हेरिएबल्स अ‍ॅडजस्ट करायची? गाइड म्हणतात, 'सिग्निफिकंट' असतील ती सगळी

आईचं शिक्षण, त्यामुळे वाढणाऱ्या गरोदरपणातल्या तपासण्या आणि त्यातून बाळाचं जन्मवजन, अशी साखळी तुम्हाला तपासायची आहे. तपासण्या हा तुमचा मधला दुवा, म्हणजे मीडिएटर, आणि जन्मवजन हे शेवटचं फळ, म्हणजे आउटकम. जन्मवजनाशी ज्यांचा पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, म्हणजे जी 'सिग्निफिकंट', ती सगळी व्हेरिएबल्स मॉडेलमध्ये टाकून अ‍ॅडजस्ट करा, असं गाइड सांगतात. टाकू नका. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे पी-व्हॅल्यूला कळत नाही.

माझ्या गाइडना मी हे पटवू शकले नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. पुढच्या वर्षी मी डिचोली आणि सत्तरीतल्या मधुमेही रुग्णांवर काम करत होते. चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना दर आठवड्याला आठवणीचा फोन करायचा, तिसऱ्या महिन्यात घरी जाऊन गोळ्या मोजायच्या, सहाव्या महिन्यात एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी. फोनमुळे साखर उतरली तर त्यातली किती गोळ्या नियमित घेतल्यामुळे, हा प्रश्न.

खाणीवर ट्रक चालवणाऱ्या एका घरी गोळ्यांचा डबा कधीचा रिकामा होता. बाई म्हणाली, "ट्रक दारांत उबो आसा. हांव आतां कामाक वतां, डॉक्टराच्या वेळार येवंक मेळना." फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात 'ट्रक बंद' असं लिहिलं. मग पुढच्या प्रत्येक घरी तेच विचारलं आणि आधीच्या घरांना फोन करून विचारलं. खाणीवरची कमाई गेलेल्या घरांत गोळ्याही चुकत होत्या आणि जेवणखाण, झोप, काळजी या वाटेनं साखरही वाढत होती.

सर म्हणाले, रँडमाइज केलंय ना, ट्रकवाले दोन्ही गटांत सारखेच आहेत, हे कशाला हवं? उलट तिसऱ्या महिन्यातलं वजन आणि आहाराचा स्कोअर त्यांनी टाकायला लावला, कारण ती दोन्ही 'सिग्निफिकंट' होती.

अहो, चिठ्ठ्या फोनसाठी टाकल्या होत्या, गोळ्यांसाठी नाही! फोन नसताना ज्यांनी गोळ्या नीट घेतल्या ती बहुतेक ठीकठाक चाललेली घरं. फोनवाल्या गटात मात्र नीट घेणाऱ्यांत अडचणीतली घरंही आली. म्हणजे गोळ्या सारख्या घेणाऱ्यांची तुलना केली, की चिठ्ठ्यांनी साधलेला समतोल तिथेच मोडतो. 'ट्रक बंद' अ‍ॅडजस्ट केल्यावर गोळ्यांच्या वाटेनं जाणारा परिणाम बराच खाली आला. आधीचा आकडा फुगलेला होता.

आणि वजन? गोळ्यांमुळेच वजन बदलू शकतं. ते अ‍ॅडजस्ट करणं म्हणजे जे मोजायचं त्याचाच तुकडा कापून टाकणं. आहाराचं दुखणं वेगळं. फोनमुळे आहार सुधारतो, आणि आहाराकडे लक्ष देणारा माणूस गोळ्याही नीट घेतो. तो मॉडेलमध्ये घेतला तरी चूक, सोडला तरी चूक. तिथे साधं रिग्रेशन पुरत नाही. आहार आणि गोळ्या मिळून एकच मीडिएटर धरा, नाहीतर इंटरव्हेन्शनल इफेक्ट काढा, म्हणजे एका गटात गोळ्या घेण्याचं प्रमाण दुसऱ्या गटासारखं केलं तर साखर किती बदलेल, ते.

सर मीडिएशन कसं तपासायचं ते सांगणाऱ्या, बॅरन आणि केनी यांच्या १९८६ च्या पेपरवर बोट ठेवून बसले होते. त्याच केनी यांनी चार्ल्स जड यांच्यासोबत १९८१ मध्ये लिहून ठेवलंय की मीडिएटर आणि आउटकम या दोघांवर परिणाम करणारं काही सुटलं तर उत्तर चुकतं. तो पेपर मी त्यांच्या टेबलावर ठेवला होता. प्रबंध शेवटी त्यांच्याच मॉडेलनं गेला, त्याची खंत आजही आहे.

तुमच्याकडे तर रँडमायझेशनही नाही. त्यामुळे शिक्षणाच्याही आधीचं सगळं लागेल : माहेरची परिस्थिती, आईवडिलांचं शिक्षण, तालुका. लग्नानंतरचं घरचं उत्पन्न हा तुमचा 'आहार', कारण शिकलेल्या मुलीचं लग्न कुठे होतं यावर ते ठरतं. तपासण्यांची नुसती संख्याही घेऊ नका. बाळ आठव्या महिन्यात आलं तर तपासण्या आपोआपच कमी होतात आणि वजनही कमी भरतं. पहिली तपासणी कितव्या आठवड्यात झाली ते घ्या.

एक मात्र कबूल करते. फोनचा एकूण परिणाम काढण्यापुरतं सरांचं बरोबर होतं, तिथे ट्रकची गरज नव्हती. माझे रुग्णही थोडे होते. शिवाय न मोजलेलं काहीतरी राहतंच, म्हणून त्यानं उत्तर किती हललं असतं ते तपासणारं सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस जोडा.

गाइडकडे जाताना पी-व्हॅल्यूचा तक्ता नेऊ नका. कागदावर बाण काढून न्या आणि प्रत्येक व्हेरिएबल शिक्षणाच्या आधीचं की नंतरचं, ते त्यांनाच विचारा. आणि फॉर्म अजून छापले नसतील तर माहेरच्या परिस्थितीचा रकाना आजच घाला, समासात लिहायची वेळ आणू नका.